तक्रारी: शून्य

मी बोलतेय. इकडे, जरा खाली बघा. बँकेच्या काचेच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला एक मोठी कुंडी आहे ना, तिची पानं बाजूला करा. सापडले? मी या शाखेची तक्रारपेटी. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात 'तक्रारी व सूचना' असं लिहिलंय, पण 'तक्रारी' हा शब्द पानांनी झाकलाय. नुसतं 'व सूचना' दिसतं. त्याचा अर्थ काय लावायचा ते लोकांनी ठरवायचं.

आवाज चढा लागला तर माफ करा. पण तुम्हाला कोणी सहा वर्षं भिंतीला टांगून ठेवलं आणि एकदाही विचारपूस केली नाही, तर तुम्ही तरी गोड बोलाल का?

माझा जन्म बँकेच्याच जुन्या दारातून झाला. काचेचं नवं दार बसलं तेव्हा लाकडी दार निघालं, आणि सुताराने त्यातली चांगली फळी वेगळी काढून मला घडवलं. माणूस कामाचा पक्का. कोपरे असे जुळवले की मुंगी शिरायची नाही. वर बोटभर फट, खाली कागद काढायला झाकण, झाकणाला छोटं पितळी कुलूप. किल्ली साहेबांच्या हातात देत तो म्हणाला, "महिन्यातून एकदा उघडत जा, नाहीतर बिजागऱ्या गंजतील."

ते साहेब चार महिन्यांत बदलून गेले. जाताना तिजोरीच्या, कपाटांच्या, टेबलांच्या सगळ्या किल्ल्या त्यांनी मोजून ताब्यात दिल्या. माझी तेवढी त्यांच्या खिशातून गेली. कोणाला पत्ताही लागला नाही.

तेव्हापासून माझ्या पोटात काय काय गेलं म्हणून सांगू! टोकनचे कागद. चॉकलेटची वेष्टनं. एका छोट्या पोराने शर्टाचं बटण टाकलं आणि मग ते परत पाहिजे म्हणून भोकाड पसरलं. एका मुलीने मला टपालपेटी समजून चक्क तिकीट लावलेलं पाकीट टाकलं. आत स्थळाला दिलेला नकार होता. पुढे बिचारीचं काय झालं, देव जाणे.

आणि खऱ्या तक्रारीही यायच्या. लोक खुर्चीवर बसून, मांडीवर कागद धरून, रागाने लिहायचे. घडी घालून आत टाकायचे आणि सुटल्यासारखा श्वास सोडून निघून जायचे. त्यांना वाटायचं, झालं, सांगितलं आपण.

इकडे दर महिनाअखेरीला साहेबांच्या टेबलावर एक नोंदवही उघडायची. 'प्राप्त तक्रारी' या शब्दांपुढे साहेब वळणदार अक्षरात लिहायचे, 'शून्य'. खाली सही, तारीख, शिक्का. साहेब बदलले, शून्य बदललं नाही.

अशात एका उन्हाळ्यात ती आली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी. सुट्टीतले दोन महिने बँकेत शिकायचं, शेवटी अहवाल लिहायचा, शाखेचं प्रमाणपत्र कॉलेजात द्यायचं, तरच पुढच्या वर्षात प्रवेश. पहिल्या दिवशी इस्त्रीचा कडक शर्ट, नवे बूट आणि हातात कोरी वही. वहीच्या पहिल्या पानावर तिने 'बँकिंग' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. शाखेतल्या सगळ्यांनी तिचं नाव विचारलं आणि दुपारपर्यंत विसरले. मग तिला 'शिकाऊ' म्हणायला लागले.

शिकाऊ काय शिकली ते मी सांगते. झेरॉक्स यंत्रात कागद अडकला की कुठलं दार उघडायचं. पासबुक छापायच्या यंत्रात पासबुक कुठल्या बाजूने घालायचं. आणि "तीन नंबरला जा" हे वाक्य दिवसातून दीडशे वेळा कसं म्हणायचं.

शाखेत फोनला नीट आवाज येतो तो फक्त माझ्या कोपऱ्यात, त्यामुळे ती आईशी बोलायला माझ्यापाशी यायची.

"काय शिकवलं आज?" आई विचारायची.

"झेरॉक्स."

"आणि काल?"

"आई, कालही झेरॉक्सच. काल दोन्ही बाजूंनी."

"असू दे गं. मोठ्या ठिकाणी सुरुवात अशीच असते. साहेबांच्या डोळ्यासमोर राहा."

साहेबांच्या डोळ्यासमोर ती होतीच, कारण झेरॉक्स यंत्र त्यांच्या काचेच्या केबिनला लागून होतं. पण साहेबांचे डोळे सतत मोबाइलवर. त्यांच्या गावी बदली व्हायची होती. तिकडे वडील एकटे, गुडघ्यांनी अधू. रोज सकाळी साहेब वडिलांना फोन करून म्हणायचे, "आता होईलच हो, या महिन्यात नक्की." तीन वर्षं ऐकत आले होते मी हे. माणूस वाईट नव्हता. फक्त बदली होईपर्यंत शाखेत काहीही घडू नये, एवढीच त्याची इच्छा होती. चांगलंसुद्धा.

पाचव्या आठवड्यात तिने अहवालाचा विषय विचारला. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "ग्राहकांचं समाधान. मागच्या वर्षीच्या पोराचा अहवाल कपाटात आहे. तारखा बदल, चार ओळी तुझ्या घाल, झालं."

तिने तो अहवाल आणला आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसून वाचला. मग आमच्या शिपायाला हाक मारली. त्याला सगळेच मामा म्हणतात.

"मामा, इथे लिहिलंय पाच वर्षांत एकही तक्रार नाही. तक्रारपेटी कोण उघडतं?"

मामा म्हणाला, "कुठली पेटी?"

अरे देवा! हा माणूस दर शनिवारी ओल्या फडक्याने माझं अंग पुसतो! सहा वर्षं! मला खदखदून हसावंसं वाटलं आणि रडावंसंही.

तिने पानं बाजूला करून बोट दाखवलं. मामाने डोकं खाजवलं. "ही होय! हिची किल्ली कधी पाहिली नाही बुवा." पण मामा हाताचा हुशार. जेवणाच्या सुट्टीत पेचकस घेऊन आला आणि कुलपाच्या वाटेला न जाता बिजागऱ्यांचे स्क्रूच काढले. सुताराने सांगितलं होतं तेच झालं होतं, गंजल्या होत्या. झाकण निघालं तसा सहा वर्षांचा कागद भसकन बाकावर सांडला.

दोघं निवडायला बसले. टोकन एकीकडे, वेष्टनं एकीकडे. खऱ्या तक्रारी निघाल्या त्रेचाळीस. पंख्याची, रांगेची, मोडक्या खुर्चीची. आणि त्यातल्या अकरा चिठ्ठ्या एकाच माणसाच्या.

मला त्या तोंडपाठ होत्या. शिवणबाईंच्या चिठ्ठ्या. तीस वर्षं त्यांनी मुलींना शिवण शिकवलं, म्हणून सगळे त्यांना शिवणबाईच म्हणायचे. शिकाऊने तारखेप्रमाणे चिठ्ठ्या लावल्या आणि मामाला वाचून दाखवायला लागली.

पहिली तीन वर्षांपूर्वीची. कोंबडीने माती उकरावी तशी अक्षरं. 'साहेबांस नमस्कार. अर्धांगवायूने माझा उजवा हात गेला. डाव्या हाताने सही करते, ती जुन्या सहीशी जुळत नाही. कृपया नवी सही नोंदवून घ्यावी.'

तिसरी. 'नवी सही नोंदवायचा अर्ज भरला. त्यावर खाली जुनी सही करा म्हणाले. ती करता आली असती तर मी आले कशाला असते?'

पाचवी. 'अंगठा लावा आणि दर वेळी दोन साक्षीदार आणा, असं सांगितलं. मला लिहिता येतं. मी अंगठा लावणार नाही.'

सातवी. 'मला डावखुऱ्यांची कात्री घ्यायची आहे. पैसे माझ्या खात्यात आहेत. कात्री मात्र भाचीकडे मागावी लागेल. तिच्याच घरी राहते, तिचंच खाते. आणखी काय काय मागू?'

आठवी. 'आज तीन नंबरचे गृहस्थ म्हणाले, बाई, हट्ट सोडा. कुठल्या हाताने सोडू तेही सांगा.'

वाचता वाचता शिकाऊचा आवाज मंदावला. कारण तिला दिसायला लागलं होतं. चिठ्ठीगणिक अक्षर सुधारत होतं. आठवीत रेघ सरळ झाली होती. दहावीत काने-मात्रे जागच्या जागी. आणि अकरावी तर छापल्यासारखी.

'ही अकरावी चिठ्ठी. पेटी उघडायची नसेल तर पाटी तरी बदला आणि कचरापेटी असं लिहा. पाटी मी रंगवून देईन. आता माझं अक्षर चांगलं येतं.'

मामाने ती चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे बाई तीन वर्षं लिहायला शिकत होत्या, आणि आपण वाचायला नाही शिकलो."

शिकाऊ त्या अकरा चिठ्ठ्या घेऊन तडक केबिनमध्ये गेली. काचेतून मला सगळं दिसत होतं. ऐकूही येत होतं, कारण साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

"पेटी उघडायला कोणी सांगितलं तुला?"

"अहवालासाठी उघडली, साहेब."

"अगं, दर महिन्याला सही करून शून्य कळवलंय वर! आता अचानक त्रेचाळीस कुठून आल्या म्हणून विचारतील. चौकशी लागेल. बदलीचा कागद टेबलावर आहे माझा." साहेबांनी चिठ्ठ्या खणात टाकल्या. "बघतो मी. सवडीने बघतो. आणि तुझ्या प्रमाणपत्रावर सही माझी लागते, एवढं लक्षात ठेव."

ती बाहेर आली आणि माझ्यापाशी येऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं. आई घाबरली.

"तू दोन महिन्यांची पाहुणी. नसत्या उठाठेवी कशाला करतेस? वर्ष वाया गेलं तर बाबांना काय सांगू मी?"

"आई, पण त्या बाई..."

"त्यांचं बघायला त्यांची माणसं आहेत. तू तुझं बघ."

मला वाटलं होतं, पोरगी ऐकणार नाही. ऐकलं तिने! दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसून तिने मागच्या पोराचा अहवाल उतरवून काढला. तारखा बदलल्या. नवव्या पानावर 'तक्रारी: शून्य' असं लिहिलं, तेही माझ्यासमोर! माझ्या बिजागऱ्यांना मामाने नवे स्क्रू बसवले नसते तर झाकणासकट तिच्या पायावर पडले असते मी. सहा वर्षांत ज्या एका माणसाने मला उघडलं, त्यानेही वाचून मिटून टाकावं? मग न वाचणारे काय वाईट होते?

आठवडा गेला. अहवाल टंकून तयार. साहेबांकडे द्यायचा दिवस उद्यावर आला. आणि त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास शिवणबाई आल्या.

उंच, सडपातळ बाई. उजवा हात शरीराला चिकटलेला. खांद्याला पिशवी. नेहमीप्रमाणे थेट माझ्याकडे आल्या, डाव्या हाताने पानं सारली आणि बारावी चिठ्ठी आत सोडली. सोडली आणि थबकल्या. माझ्याकडे कान केला.

"कागद खाली आपटल्याचा आवाज आला," त्या स्वतःशीच बोलल्या. "पेटी रिकामी आहे. कोणी उघडली?"

पासबुकाच्या यंत्रापाशी शिकाऊ उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक. इतक्या जवळून विचारल्यावर खोटं बोलायला फार सराव लागतो. तो तिला अजून नव्हता.

"मी," ती म्हणाली.

"वाचलंस?"

"हो. सगळ्या."

"मग?"

यंत्रातून कोणाचं तरी पासबुक बाहेर येऊन तसंच लोंबकळत राहिलं. शेवटी ती म्हणाली, "मी अहवालात शून्य लिहिलंय. साहेबांनी... नाही, मीच लिहिलं. प्रमाणपत्रासाठी."

बाई रागावतील असं मला वाटलं. मी असते तर चांगली तासली असती. पण त्या बाकावर टेकल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं, "दिलास का अहवाल?"

"नाही. उद्या द्यायचा आहे."

"मग कच्चाच टाका आहे अजून. उसव." जरा थांबून म्हणाल्या, "तीस वर्षांत मुलींना शिवण शिकवताना अर्धा वेळ उसवायलाच शिकवलं मी. लाजायचं काही कारण नाही. पण आज उसव. माझी दर खेपेला दोन बस बदलायची ताकद आता राहिली नाही."

शिकाऊ यंत्र सोडून नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन बसली. पानं उलटतेय, उलटतेय, काही सापडेना. घाईत माणसाला समोरचंही दिसत नाही. तेवढ्यात तीन नंबर काउंटरचा माणूस, तोच तो 'हट्ट सोडा' म्हणणारा, आपली खुर्ची सोडून आला. काही न बोलता त्याने पुस्तक उलटं फिरवलं, एक पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

'ग्राहकास पूर्वीप्रमाणे सही करणे शक्य नसल्यास, ओळख पटवून, शाखाधिकाऱ्यासमोर नवी सही तीन वेळा घ्यावी व शाखाधिकाऱ्याने शेरा द्यावा.'

"तुम्हाला हे माहीत होतं?" शिकाऊने विचारलं.

"होतं," तो खाली बघत म्हणाला. "पण शेरा साहेबांचा लागतो. दोनदा विचारलं मी. आज नको म्हणाले. मग मी विचारायचं सोडलं. अंगठा सोपा होता."

तीन वर्षं! पान माहीत, ओळ माहीत, आणि बाईंना दोन बस बदलून परत पाठवायचं! कोणाला शिव्या घालाव्यात तेच कळेना मला. प्रत्येकजण थोडा थोडा दोषी असला की शेवटी कोणाच्याच वाट्याला पुरेशा शिव्या येत नाहीत.

शिकाऊने पुस्तक काखेत मारलं, बाईंना हात दिला आणि केबिनचं दार ढकललं. या वेळी कोणाचाच आवाज चढला नाही. पुस्तक तिने त्या पानावर उघडून साहेबांपुढे ठेवलं.

"साहेब, उद्या अहवाल देतेय. त्यात मी त्रेचाळीस तक्रारी लिहिणार आहे. त्यातल्या अकरा यांच्या. त्यांच्यापुढे 'निकाली काढल्या' लिहायचं की 'प्रलंबित', तेवढं तुम्ही सांगा."

"प्रमाणपत्र नको आहे का तुला?"

"हवंय, साहेब. पण ते आता तुम्ही ठरवा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे. त्यांची नजर त्या हातावर बराच वेळ राहिली. काय मनात आलं कोण जाणे. गावाकडचे गुडघे आठवले असतील. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि खुर्ची पुढे ओढून दिली. "बसा, बाई."

बाईंनी पिशवीतून स्वतःचं पेन काढलं. बँकेच्या पेनावर त्यांचा विश्वास नसावा, आणि तो नसणं योग्यच होतं. मामा शिक्क्याची शाई शोधायला धावला. बाईंनी तीन वेळा सही केली. सावकाश, शेवटच्या अक्षराला हलकं वळण देत. तिन्ही सह्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी.

साहेब कागद हातात घेऊन म्हणाले, "अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे तुमचं."

"सरावाला तीन वर्षं मिळाली," बाई म्हणाल्या. "तुमच्याच कृपेने."

साहेबांचे कान लाल झाले. पण शेरा लिहिला. शिक्का बसला. मामाने शाई शोधण्यात घालवलेला वेळ धरून सगळ्या कामाला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं! मी डोकं आपटून घेतलं असतं, पण माझ्या मागे भिंत आहे आणि डोकं नाही.

बाई बाहेर पडताना माझ्यापाशी थांबल्या नाहीत. कशाला थांबतील? तीन नंबरला जाऊन त्यांनी आपल्या सहीने आपले पैसे काढले आणि थोडं ताठ चालत दाराबाहेर गेल्या. कात्रीच्या दुकानाकडे, असं मी आपली धरून चालते.

पुढचं थोडक्यात सांगते. शिकाऊने नववं पान बदललं. अहवालाची प्रत वरच्या कार्यालयात गेली, आणि चौकशीचं पत्र आलंच. साहेबांची बदली चार महिने लांबली, आणि ते चार महिने रोज सकाळी वडिलांना फोन करताना ते माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. मला त्यांचं वाईटही वाटायचं, आणि वाईट वाटतंय याचा रागही यायचा.

प्रमाणपत्रावर त्यांनी सही केली. 'काम: समाधानकारक' असा कोरडा शेरा, आणि मुलीच्या आडनावात एक अक्षर चुकलेलं. ते दुरुस्त करून घ्यायला वेगळा अर्ज लागतो, असं मामाने सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तसंच घेऊन गेली. कॉलेजने चालवून घेतलं की नाही, मला कळलं नाही. नंतर ती इकडे आली नाही.

वरच्या पत्रामुळे मला नवं कुलूप मिळालं. दर महिन्याच्या एक तारखेला उघडायचं, असा लेखी आदेश निघाला. पहिल्या महिन्यात चार माणसांसमोर उघडलं. दुसऱ्या महिन्यात मामाने एकट्याने. मग नवे साहेब आले. फार हसतमुख. एक तारीख येऊन गेली, पुढच्या महिन्याची पण आली आणि गेली. किल्ली माझ्या शेजारच्या खिळ्यावर आहे. तिच्यावर कोणी तरी रेनकोट अडकवलाय. माझ्या पोटात सध्या सात चिठ्ठ्या आहेत. दोन तर एकाच माणसाच्या.

म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही उद्या इथे याल, कोणाचा तरी राग येईल, खुर्चीवर बसून मांडीवर कागद घ्याल. जरूर लिहा. माझ्यात टाका. पण हात झटकून घरी जाऊ नका. माझ्यात पडलेला कागद आपल्या पायांनी कुठेही जात नाही. त्या खिळ्यावरचा रेनकोट बाजूला करा, किल्ली काढा, जो कोणी दिसेल त्याच्या हातात द्या आणि त्याला माझ्यासमोर आणून उभं करा. तो म्हणेल, उद्या या. म्हणेल, साहेब जेवायला गेलेत. म्हणेल, कुठली पेटी?

तुम्ही हलू नका. त्याने कुलपात किल्ली फिरवेपर्यंत अजिबात हलू नका.